ई ड्राइव्हचा आळ

मामाजी,

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. उद्या तेरवी. पंगत बसण्याआधी तुमच्याबद्दल दोन शब्द मी वाचायचे, असं प्रशांतने परस्पर ठरवून टाकलंय. म्हणाला, बाबाच्या सगळ्यात जवळची त तूच होती. मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात धरणारी सून अख्ख्या आर्वीत सापडायची नाही.

या बारा दिवसांत जो भेटायला आला त्याने तुमची एक तरी गोष्ट सांगितली. डेपोतले तुमचे जुने सोबती सांगत होते, साहेब फलाटावर दिसले की ड्रायव्हर लोक चहाचा कप अर्धा टाकून गाडीत चढायचे. कुणी तुमच्या शिट्टीची नक्कल केली. आणि फिरून फिरून गोष्ट कॉम्प्युटरवर आली, जशी ती दर लग्नात, दर बारशाला येते. परवा हिंगणीचे काकाजी म्हणाले, "अन् ते कम्प्युटरचं? एक बटन दाबलं न नातीचं सारं लहानपण साफ करून टाकलं भाऊनं."

माणूस गेलेल्या घरात हसतात तसे सगळे हसले, आवाज न करता. आईसुद्धा पदराआड हसल्या. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मीही हसले.

मामाजी, ते बटन तुम्ही दाबलं नव्हतं. मी दाबलं होतं. चार वर्षं झाली, आज सकाळपर्यंत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हालासुद्धा नाही. उद्या कोणता कागद वाचायचा ते मला आज ठरवायचं आहे. एक छान छापील वळणाचा आधीच लिहून ठेवलाय, त्यात तुमची शिस्त आहे, तुमचा साधेपणा आहे. दुसरा हा.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा माउस धरायचात तो छत्रीच्या मुठीसारखा. पुढच्या खोलीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर, तुम्ही मागे खुर्ची टाकून बसायचात आणि स्क्रीनवर जे काही येईल ते बोट लावून, एकेक अक्षर जुळवून मोठ्याने वाचायचात. इंग्रजी शब्द आला की वहीत उतरवून समोर मराठी अर्थ. माझ्यापुढे रांग लागलेली असायची आणि तुमचं आपलं पारायण चालू. मी वैतागून म्हणायचे, वाचत काय बसता मामाजी, येस दाबा न पुढे चला. तुम्ही म्हणायचात, वाचल्याशिवाय सही करू नाई. यावरून आपलं जे वाजायचं ते कधी मिटलंच नाही. माझं म्हणणं, ही यंत्रं उगाच शंभर प्रश्न विचारतात, सगळ्यांना उत्तर एकच. दिवसाला दोनशे वेळा येस आणि ओके दाबणाऱ्या बाईला प्रश्न दिसतच नाही, फक्त बटन कुठे आहे ते दिसतं.

ड्राइव्हला नावं द्यायचा नादही तुमचाच. माझ्यासाठी सी, डी आणि ई एवढं पुरे होतं. तुम्ही म्हणालात, नंबराच्या गाडीलेबी पाटी लागते, नाईतर मानसं भलत्याच गावाले जातात. मग डीला तुम्ही "दुकान" असं नाव दिलं आणि ईला "घर". "घर"मध्ये तुमच्या नातीचे, तन्वीचे फोटो. प्रशांतच्या आणि माझ्या फोनमध्ये कधी जागाच नसायची, म्हणून दर महिन्याला तुम्ही दोन्ही फोन वायरीने जोडून फोटो उतरवायचात, तारखेप्रमाणे फोल्डर करायचात, आणि मग फोन रिकामे करून परत द्यायचात. तिचं जावळ, केळझरच्या गणपतीच्या पायऱ्यांवर पसरलेला भोंगा, बसस्टँडच्या फलाटावर टाकलेली पहिली पावलं. ती पावलं तिने तुमच्या डेपोतच टाकावीत याचा तुम्हाला किती अभिमान होता. साडेतीन वर्षांचं सगळं लहानपण एका ड्राइव्हमध्ये होतं आणि आणखी कुठेही नव्हतं.

त्या जुलैत सी ड्राइव्ह भरून लाल झाला. पीक विम्याचे फॉर्म सुरू, शेवटची तारीख तोंडावर, आणि कॉम्प्युटर एक पान उघडायला पाच मिनिटं घेतोय. दुकानातल्या माणसाने डिस्क बदला म्हणून सांगितलं. तुम्ही म्हणालात, बदलाची गरज नाई, ईमध्ये पायजे तेवढी जागा आहे, फक्त सीच्या वाट्याले नाई. तुम्ही चार दिवस इंटरनेटवर बसलात आणि नवशिक्यांसाठी म्हणून फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर शोधून काढलंत. त्यात डिस्कची आडवी पट्टी दिसायची, रंगीत तुकड्यांची, आणि तुकड्याची कड माउसने ओढली की तो लहानमोठा व्हायचा. तुम्ही आईंनासुद्धा बोलावून शेतं आणि बांधांच्या भाषेत दाखवलंत. हे पाहा, हे तिघायचे तीन वावरं, हे मधातले धुरे. सीले वावर वाढवाचं त त्याच्या धुऱ्याले लागून जागा मोकळी पायजे. मधात डी बसली आहे. म्हणून पह्यले ई मोकळी कराची, मंग डीले तिकडे सरकवाचं, मंग सीचा धुरा पुढे घ्याचा. आई म्हणाल्या, वावरात कधी गेले नाई न धुरे सांगून राह्यले.

त्या सॉफ्टवेअरची तुम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते लगेच काही करायचं नाही. तुम्ही जे जे सांगाल ते बाजूला यादीत लिहून ठेवायचं. अप्लाय दाबेपर्यंत डिस्कवरचा एक कण इकडचा तिकडे होत नाही. तुम्ही म्हणालात, हे आपल्या एसटीसारखं आहे, मानसं चढू दे, सामान चढू दे, कंडक्टरनं डबल बेल मारल्याशिवाय गाडी हलत नाई. तुमचा बेतही पक्का होता. शनिवारी वर्ध्याला जाऊन बाहेरून लावायची डिस्क आणायची, "घर" तिच्यात उतरवायचं, उतरलं की नाही ते उघडून पाहायचं आणि मगच डबल बेल.

तो गुरुवार होता. सकाळी तुम्ही मला म्हणालात, "आज फक्त मांडून पाह्यतो. बेल शनिवारनंतर, तू बाजूले बसल्यावर." मी हो म्हणाले. मी ऐकलं होतं, मामाजी. कानाआड गेलं, लक्षात नव्हतं, असं काही मला म्हणता येत नाही.

दुपारी प्रिंटरची शाई संपली म्हणून मी बाजारात गेले. परतले तेव्हा माझ्या मागोमाग सातबारे घेऊन सात-आठ जण खोलीत शिरले. खुर्ची रिकामी होती, आईंनी तुम्हाला जेवायला बसवलं होतं. स्क्रीनवर तुमची रंगीत पट्टी आणि बाजूला यादी. मला साइट उघडायची होती, पहिल्या माणसाचा अंगठा घ्यायचा होता. मी खिडकी बंद करायला फुली दाबली. त्याने काहीतरी विचारलं. मी येस दाबलं. मग आणखी काहीतरी विचारलं, मी पुन्हा येस दाबलं. बंद करण्याआधी यादी अप्लाय करायची का, असं ते विचारत होतं, हे मला नंतर कळलं. कॉम्प्युटर बंद होऊन आपोआप सुरू झाला आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत यादीतलं पहिलं काम झाल्याचं आलं. ई काढून टाकली. खाली दुसरं काम सुरू, डी सरकवणे, एक टक्का.

ते मी वाचलं. त्या दिवसात वाचलेलं ते पहिलंच वाक्य असावं.

बाजूच्या माणसाने विचारलं, ताई, काय झालं. तेवढ्यात कॉम्प्युटर नव्याने सुरू झाल्याचा आवाज ऐकून तुम्ही आतून आलात, उष्टा हात तसाच. पडदा पाहिलात. अक्षरं जुळवलीत. तुमचा चेहरा उतरत गेला तो मी पाहिला. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही, स्वतःच्या हाताकडे पाहिलंत आणि म्हणालात, "जेवाले उठताना माह्याच हातून दाबल्या गेलं का?"

मामाजी, तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक शब्द पुरे होता. पण खोलीत आठ माणसं होती, आणि त्या आठ माणसांनी त्यांचे अंगठे आणि कागद माझ्या भरवशावर आणले होते. त्याच आठवड्यात तुम्ही नळ चालू ठेवून फिरायला गेला होतात, पाण्याशिवाय चहा चढवला होता, आणि आईंनी त्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं. म्हणजे शंका घ्यायला जागा तयार होती. मी ती घेतली नाही, पण तुम्ही घेतलीत आणि मी मूग गिळून बसले.

मग तुम्ही भिंतीवरच्या स्विचकडे गेलात. तुम्हाला कसं सुचलं कोण जाणे, पण तुमची बुद्धी त्या वेळी माझ्यापेक्षा ठिकाणावर होती. म्हणालात, आताच बंद केलं त कदाचित घर वाचू शकते. तुमचं बोट स्विचवर होतं. चार टक्के झाले होते. मी ओरडले, "नका मामाजी, डी पण जाईल!" डीमध्ये माझं दुकान होतं, लोकांचे फॉर्म, दाखले, पावत्या. तुम्ही बोट काढलंत. तुम्हाला वाटलं, आधीच एक चूक केली, आता दुसरी नको.

पुढचे तीन तास आपण दोघं त्या पडद्यासमोर बसलो. मी माणसांना उद्या या म्हणून परत पाठवलं. पावसाळी हवेने दिवे दोनदा मिचमिचले आणि दोन्ही वेळा तुम्ही उठून उभे राहिलात. अकरा टक्के. एकोणीस. मधेच आकडा थांबायचा आणि मला वाटायचं आता सगळंच गेलं. आतून आई विचारत होत्या काय झालं म्हणून, तुम्ही सांगितलंत, "माह्या हातून पोरीचे फोटो गेले." आई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तुम्हाला काय काय ऐकवलं ते तुम्हाला आठवत असेल, मला तर शब्द न् शब्द आठवतो. तुम्ही एकदाही वर पाहिलं नाहीत. मी टक्के मोजत होते. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी शंभर झाले, कॉम्प्युटर उघडला, सी ड्राइव्ह निळाभोर, ऐसपैस. डी जशीच्या तशी. ई नाही.

गेलेला डेटा परत काढून देणारा एक जण वर्ध्याला होता. त्याने दहा-बारा फोटो काढून दिले, तेही अर्धे राखाडी. तो म्हणाला, नुसती ई काढली असती तर सगळं मिळालं असतं, पण त्या जागेवर दुसरं आणून बसवलं, म्हणून गेलं. सुरुवातीलाच बंद केला असता तर बरंच हाती लागलं असतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्ही म्हणू शकत होतात की मी बंद करत होतो, हिनं करू दिलं नाही. आजही माझं दुकान त्याच जागेवर चालतं, जिथे तन्वीचं लहानपण होतं. रोज सकाळी मी ते उघडते.

शनिवारी तुम्ही ठरल्याप्रमाणे ती बाहेरची डिस्क घेऊन आलात. आता तिच्यात काय ठेवणार होतात, मी विचारलं नाही. खोक्यातच राहिली.

सांगेन सांगेन म्हणत आठवडा गेला. आठवड्यानंतर सांगायचं तर पहिल्या दिवशी का नाही सांगितलं याचंही उत्तर द्यावं लागणार होतं. महिना गेला, मग दिवाळी. खोटं एकदाच बोललं की पुरतं असं नाही, त्याला रोज खाऊपिऊ घालावं लागतं. तोवर ती गोष्ट गमतीची झाली होती आणि ती सांगणारे वाढले होते. मीही एकदा सांगितली, माझ्या माहेरी, तुमच्या आवाजाची नक्कल करून. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, हे खरं, पण त्याने तुमचं काय भलं झालं.

तुमचं काय झालं ते मी रोज पाहत होते. तुम्ही कॉम्प्युटरला पुन्हा हात लावला नाही. रिटायर झालेल्या आठ-दहा जणांना घरीच शिकवायचं तुमच्या मनात होतं, वहीची पहिली वीस पानं तुम्ही त्यासाठी लिहिली होतीत. ती वही तुम्ही रद्दीत टाकली, मी काढून ठेवली. मग तुम्ही बँकेच्या मशीनसमोरही आपला आकडा मला दाबायला सांगू लागलात. मग फोन लावून दे म्हणू लागलात. म्हणायचात, "तूच दाब बाई, माह्या हाताचा भरोसा नाई." अख्ख्या डेपोच्या गाड्या ज्या हाताच्या इशाऱ्यावर सुटायच्या त्या हाताला तुम्ही घरात शेगडीचं बटनसुद्धा फिरवू देईनात. आणि मी? मी तत्परतेने उठून तुमचं बटन दाबून द्यायचे. सगळे म्हणायचे, सून असावी तर अशी.

तन्वीच्या शाळेने एकदा लहानपणीचा फोटो मागितला. आई म्हणाल्या, मांग तुह्या आबाले. तुम्ही ताटावरून उठून मागच्या अंगणात गेलात. मी तुमच्या मागे आले होते, मामाजी. तुम्ही पाठमोरे तुरीच्या शेंगा चाचपत उभे होतात. मी दारापर्यंत आले आणि परत फिरले. त्या दिवशी मी सगळ्यात जवळ आले होते.

आणि मग दवाखाना. तुम्हाला नळ्या लावलेल्या, प्रशांत औषधं आणायला खाली गेलेला. मला वाटलं तुम्ही झोपलात. डोळे न उघडता तुम्ही विचारलंत, "शुभांगी, मले आठवतच नाई गं. म्या खरंच ते अप्लाय दाबलं होतं का?"

चार वर्षं तुम्ही त्यावर विचार करत होतात. तुमचं तुम्हाला कुठेतरी पटत नव्हतं. तुम्ही विचारलंत ते मलाच, कारण सांगू शकणारी मी एकटीच होते. आणि मी तुमचा हात हातात घेऊन म्हणाले, "जाऊ द्या न मामाजी. आमच्या कोणाच्या मनात नाई ते."

म्हणजे माझ्या गुन्ह्याबद्दल मी तुम्हाला क्षमा केली. तुम्ही म्हणालात, बरं. त्यानंतर दीड दिवस तुम्ही होतात, पण बोलला नाहीत. तो "बरं" माझ्या कानातून जात नाही. मला तुमच्यावर रागही येतो, मामाजी. इतकी वर्षं प्रत्येक संदेश बोट लावून वाचणाऱ्या माणसाने माझा चेहरा एकदा तरी नीट वाचायचा होता. पण हा राग खोटा आहे, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तो.

तुमच्यामुळे मला काय मिळालं ते उद्याच्या छापील कागदात आहे. खरं एवढंच आहे की लग्न होऊन आले तेव्हा सुनेने पुढच्या खोलीत दुकान थाटावं हे या घरात कुणालाच रुचलं नव्हतं. तुम्ही एकटे मधे पडलात. पहिली खुर्ची तुम्ही उचलून आणलीत, पाटी तुम्ही रंगवलीत. माझ्यावर विश्वास ठेवणारं या घरातलं पहिलं माणूस तुम्ही, आणि त्याच माणसाचा स्वतःवरचा विश्वास मी घालवला. दोन्ही मला एका दमात सांगावं लागतंय.

आज सकाळी आई उद्यासाठी तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. फुली, येस, स्विच, दवाखाना, सगळं. त्यांचा हात सुपातच थांबला. मला वाटलं ओरडतील, आणि मला ते हवं होतं.

"त्याईले सांगतलं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाई."

"मंग आता मले काऊन सांगून राह्यली?"

त्या उठून आत गेल्या. तुमच्या फोटोखाली बसल्या, पाठ माझ्याकडे. चार वर्षं त्यांनी तुम्हाला जे ऐकवलं त्यातलं एक अक्षर आता परत घेता येणार नव्हतं, आणि ते ओझं मी आज त्यांच्या डोक्यावर नेऊन ठेवलं होतं. मी तांदूळ निवडून संपवले. मग हे लिहायला बसले, कारण त्यांचं बरोबर होतं, सांगायचं होतं ते तुम्हाला.

अप्लाय मी दाबलं, मामाजी. तुम्ही मांडून ठेवलेलं सगळं बरोबर होतं, एकही रेघ चुकली नव्हती. स्विच बंद करणंही बरोबर होतं. तुमच्या हाताने काही बिघडवलं नाही.

दुपारी आई खोलीत आल्या. डोळे सुजलेले, पण रडत नव्हत्या. त्यांना वाचता कमी येतं. त्यांनी दोन्ही कागद पाहिले, छापील वळणाचा आणि हा, आणि कोणता कशाचा ते विचारलं. मी सांगितलं. छापील त्यांनी घडी करून स्वतःच्या कमरेला खोचला. हा माझ्यापुढे सरकवला.

"उद्या हाच वाच," म्हणाल्या. "अन् मोठ्यानं वाचजो. हिंगणीवाले मागच्या पंगतीत बसतात, त्याईलेबी ऐकू गेलं पायजे."